तांदळाची मूठ
तागाच्या पोत्याचा वास आला की चिपळूणजवळच्या रेशन दुकानातील ती दुपार आठवते. धान्य मागणाऱ्या एका स्थूल बाईला दुकानदार म्हणाला, “मावशी, ह्या अंगाला उपाशी कोण म्हणेल? पुढच्या महिन्यात या.” ती शांतपणे म्हणाली, “भावा, पुढच्या महिन्यात तू दुकान उघडशील की नाय, ठाव नाय. म्हणून भात असतो तेव्हा भूक नसली तरी मी खाऊन घेतंय.” लोकांचे रेशनचे अर्ज लिहून द्यायला मी तिथे गेलो होतो; मी संतापून दुकानदाराला विचारले, धान्य देण्यापूर्वी माणसाचे अंग पाहावे असे कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिले आहे? त्याने तांदूळ मोजला. पिशवी बांधण्याआधीच तिने कच्च्या तांदळाची मूठ तोंडात टाकली. धान्याच्या हक्कासाठी मी आजही अर्ज लिहितो. पण उद्या जेवण मिळेल हा तिचा गेलेला विश्वास कोणत्या कलमाखाली परत मागावा, हे मला अजून सापडलेले नाही.