झडतीबाईची सोनबाभूळ

"पिशवी उघडा, भाऊजी."

"वहिनी, हे आपलं अंगण आहे. तुमच्या कारखान्याचं फाटक नव्हे."

"उघडा म्हणते ना! गिरमिट कुठंय?"

"पिशवीतच आहे. सुताराच्या पिशवीत गिरमिट नाही तर काय लाटणं असणार?"

"मग झाडाला भोकं कुणी पाडली? मी? की तुमच्या स्वर्गातल्या भावानं खाली उतरून पाडली?"

"किडा लागलाय हो! लाकूड पोखरणारा किडा!"

"किडा," ती सावकाश म्हणाली, "इतकी गोल भोकं पाडतो? कंपास घेऊन बसतो वाटतं?"

दिरानं कपाळाला हात लावला आणि पिशवी उघडली. तिनं रंधा बाजूला केला, पटाशी उचलली, तेलाच्या बाटलीचा वास घेतला. विषाचा वास कसा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. पण हा नसावा एवढं कळलं. "जा," ती म्हणाली. जणू फाटकच उघडलं.

उभी हयात तिनं कुलपांच्या कारखान्यात काढली होती, तीही कुलपं करण्यात नव्हे, तर सुटीच्या भोंग्यानंतर बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात. डब्याच्या तळाशी दडवलेली किल्ली तिला नुसत्या चालीवरून कळायची. तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे, पाठ फिरली की 'झडतीबाई'. नोकरी संपली, नजर काही संपली नाही.

झाड नवऱ्यानं आणलं होतं. रोपवाल्यानं नाव सांगितलं वॉटल. घरात तिची सोनबाभूळ झाली. तेव्हाही तिचा पहिला प्रश्न हाच, "बाभूळ आणि काटा नाही? काहीतरी काळंबेरं आहे."

"अगं, फुलू तर दे," नवरा हसून म्हणाला होता.

आणि ती फुलली. थंडी सरता सरता पान दिसेना, नुसते पिवळेधमक गोंडे. मधमाश्यांची अशी गुणगुण, की अंगणात बोलायचं तर आवाज चढवावा लागे. पुढे शेंगा तडकल्या की मुंग्या एकेक बी ओढत भिंतीपलीकडे नेत. त्या मुंग्यांवर तिचा डोळा असे. झाडावर मात्र, ते एकदा फुलल्यानंतर, कधीच नाही. साऱ्या जगात झडती न घेता तिनं आत घेतलेलं ते एवढंच. नवरा गेल्यावर तर ती संध्याकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसायची, आणि पलीकडच्या खोलीतून दीर चहाला यायचा. न चुकता. तिच्या दारात येणारा माणूस तो एकटाच उरला होता.

पण त्यानंच एकदा म्हटलं होतं, "वहिनी, ही फांदी छाटली तर माझ्या कामाच्या खिडकीत जरा उजेड येईल." ते वाक्य तिनं मनात पुराव्यासारखं जपून ठेवलं. म्हणून खोडावर भोकं दिसली, डिंक ओघळू लागला, बुंध्याशी भुसा सांडलेला सापडला, तेव्हा तिला वेगळा चोर शोधावाच लागला नाही. भोक पाडायचं, आत विष ओतायचं. सोपं काम.

तिनं विष धुऊन काढायचं ठरवलं. नळी बुंध्याशी लावली ती लावलीच.

"वहिनी, पाणी बंद करा," दीर म्हणाला. "हिची मुळं वरवर असतात. कुजतील."

"झाड वाळायलाच हवंय ना तुम्हाला!" तिनं नळ आणखी सोडला.

मग एक सुतारपक्षी येऊन खोडाला चिकटला आणि टकटक भोकं ठोकू लागला. "एक सुतार कमी पडला म्हणून दुसरा बोलावला का?" ती ताटली बडवत धावली. पक्षी उडाला. दुसऱ्या दिवशी आला, पुन्हा ताटली. मग यायचाच बंद झाला. पानं पिवळी पडत गेली, पिशवीची झडती रोजची झाली, आणि दीर चहा अर्धाच ठेवून उठू लागला.

एका दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, सोनबाभूळ दमल्यासारखी आडवी झाली. काळी, मऊ मुळं चिखलातून वर आली. हात लावला तर सालच हातात.

दीर करवत घेऊन आला. खोड कापलं, एक ओंडका उभा चिरला आणि तिच्या पायरीवर ठेवला.

ती वाकून बघत राहिली. बाहेरचं भोक गोल, अगदी गिरमिटाचं. पण आत जाऊन ते वळलं होतं. वर गेलं होतं, पुन्हा वळलं होतं. टोकाला एक पांढरी, गुबगुबीत अळी वळवळत होती.

गिरमिट वळत नाही. एवढं तर झडतीबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कुंपणावर सुतारपक्षी येऊन बसला. या वेळी ताटली वाजली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली. पुढचे शब्द घशाशी आले आणि भलतेच होऊन बाहेर पडले, "लाकूड घेऊन जा. तुमच्या कामाला येईल."

तो करवत पुसत होता.

"आणि संध्याकाळी... चहाला येताय ना?"

त्यानं करवत पिशवीत ठेवली. अंगणाच्या दारापाशी तो थांबला, सवयीनं थांबतो तसाच, आणि पिशवीचं तोंड रुंद करून तिच्यासमोर धरलं.

"नको हो," ती पुटपुटली. "जा तसेच."

त्यानं पिशवी खाली घेतली नाही. शेवटी तिलाच मान वळवावी लागली. मग तो पिशवी खांद्याला लावून बाहेर पडला, आणि चहाचं काही बोललाच नाही.