शितांनी चिकटवलेली खिडकी

नातीने केलेल्या पुस्तकात एकही अक्षर नव्हतं, तेव्हाच मला संशय आला. गप्प बसणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतं. पुस्तकाचं वेगळं कशाला असेल?

एकच लांब कागद, पंख्यासारखा दुमडलेला. प्रत्येक घडीवर आमच्या कारापूरकडचा हिरवा डोंगर आणि त्यात कातरीने पाडलेलं भोक. घड्या उलगडत जावं तसं भोक मोठं होतं. शेवटच्या घडीवर डोंगर नाहीच, नुसती तांबडी माती. त्या तांबड्यात कागदाची बोटभर खिडकी. उघडली की आत तांबडं घर आणि पायरी झाडणारी बाई.

"ही कोण गो?"

"कोणीतरी बाई, आजी."

कोणीतरी म्हणे. ती मीच. नवऱ्याचा टिपर ट्रक त्या डोंगरातल्या खाणीवर लागला तेव्हा मी पंचविशीतली, स्वतःच्या अकलेवर खूश. खनिजाची धूळ घरभर बसायची. शेजारणी रोज भिंती पुसायच्या. मी भिंतींनाच तांबडा रंग लावून घेतला. धूळ गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. हा शोध मी वाडाभर, घरोघर सांगत फिरले. सासूचा खोकला तेवढा रंगाने झाकला नाही. त्याला मी थंडी बाधली म्हणायची.

रविवारी साखळी शहरातल्या एका हॉलात ते पुस्तक प्रदर्शनात मांडायचं होतं. सगळा वाडा जाणार. टिपरच्या पैशांवर घर उभारलं आणि आता नात डोंगरासाठी रडते, असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ? शनिवारी दुपारी ती न्हायला गेली तशी मी भाताची चार शितं घेतली आणि खिडकी चिकटवून टाकली. मजकूर असता तर इतक्या स्वस्तात सुटले नसते.

रविवारी जो तो त्या बंद खिडकीलाच नखं लावत होता. डोंगर राहिला बाजूला. शेवटी आमच्या शेजारणीने केसांतली पिन घालून ती उघडली, आत पाहिलं आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"वयनी, आमचें घर तिका तुवेंच दाखयलें न्ही?"

"तुमचें?"

"तुजें पळोवन आमीय तांबडें केल्लें. पायरी झाडटा ती हांव." माझं घर बघून त्यांनीही तांबडं केलेलं, आणि पायरी झाडणारी बाई म्हणे ती स्वतः.

तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या, त्याही ती बाई आपणच अशा नजरेने माझ्याकडे बघत. नात मान खाली घालून कागदावरची शितं खरवडत होती. हसू दिसू नये एवढी मात्र काळजी घेत होती.

"ती तूच," मी शेजारणीला म्हटलं. "पण रंगाची अक्कल माझी."