बद्द वाजलेला नारळ

पनवेलच्या आमच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला नारळ आपटायचा. ज्याचा फुटेल त्याने तो समोरच्याला देऊन टाकायचा. आता करवंटीला गेलेली बारीक चीर काही दिसत नाही. म्हणून ज्याचा नारळ त्यानेच तो कानाशी नेऊन बोटाने वाजवायचा. टणक वाजला तर शाबूत, बद्द वाजला तर फुटला. पंच वगैरे भानगड नाही, माणसाच्या शब्दावर खेळ चालतो. आणि शब्दाला पक्का म्हणून काशिरामचं नाव होतं. समोरच्याला शंकाही आलेली नसताना "माझा गेला" म्हणून नारळ देणारा हा एकच माणूस.

काशिराम बंदराकडच्या यार्डात कंटेनरचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा. वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड. घरी टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा. बायको, गुणाबाई, हाका मारून थकली की पुढ्यात येऊन उभी राहायची. "मना सगलं ऐकू येतं," हे त्याचं ठरलेलं. महाहेकट माणूस! नझीरभाईंच्या दुकानात लढाईचे नारळ निवडायला गेला की ती सोबत असायची. तो कपाळाला आठ्या घालून एकेक नारळ वाजवायचा. चांगला वाजला की ती हळूच त्याच्या दंडाला चिमटा काढायची, आणि तो तेवढाच घ्यायचा. यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत.

२०११च्या पौर्णिमेला त्याच्यासमोर गल्लीतला गणू होता. गणूने नारळ आपटला. काशिरामने आपला कानाशी नेला, वाजवला, पुन्हा वाजवला. बद्द. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"शाबूत हाय," काशिराम म्हणाला. "मार."

"काका, फुटलाय तो."

"अरे मार ना!"

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा लबाडी करायला लागला." लोक हसले. सगळे हसतायत म्हणून काशिरामही हसला. मला ते बघवेना.

बायका कडेला उभ्या राहून बघतात, रिंगणात येत नाहीत. गुणाबाई आली. तिने नवऱ्याच्या हातातला नारळ घेतला.

"लबाड नाय ते," ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाय."

हेही त्याला ऐकू गेलं नसावं, पण आमच्या खाली गेलेल्या माना त्याने पाहिल्या. त्याचा चेहरा उतरला. तिच्या हातून नारळ घेऊन त्याने गणूला दिला. "माझा गेला," एवढंच म्हणाला.

आता हा गडी पुन्हा काही येत नाही, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या पौर्णिमेला आला, गुणाबाईला रिंगणात घेऊनच. पहिला फटका बसला. काशिरामने नारळ सगळ्यांदेखत तिच्या कानाशी धरला आणि वाजवला.

"बोल," तो म्हणाला.

तिने नाही म्हणून मान हलवली, आणि त्याने तो नारळ समोरच्याला देऊन टाकला.