मोठ्या अक्षरांतल्या फाइली

हे बायकोला सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

यवतमाळला जमिनीचे जुने कागद स्कॅन करायचं काम आमच्याकडे होतं. प्रत्येक ऑपरेटरचा वेगळा फोल्डर. त्यात दिवसभरात किती फाइली पडल्या ते मोजायला मी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. संध्याकाळी चालवली की नावापुढे आकडा. साहेब खूश. मीही — खरं तर जरा जास्तच.

वनिताताईंचा आकडा निम्मा यायला लागला. नेरहून रोज एसटीने येणारी, कमी बोलणारी बाई. सकाळी जुन्या स्कॅनरवर बसायच्या, दुपारनंतर नुकत्याच आलेल्या नव्यावर; त्यावर त्या एकट्याच. मला वाटलं, दुपारी या कामच करत नाहीत. मग मी पाळतच ठेवली — पाणी प्यायला कितीदा उठतात, मोबाइल कितीदा बघतात. काम करताना दिसल्या, तर वाटायचं, मी बघतोय म्हणून करतात. संशयाला आणखी काय लागतं?

"दादा, मी तं रोज पानं मोजून राह्यली," म्हणाल्या आणि वही पुढे केली. पानागणिक एक रेघ. मी साहेबांसमोर म्हणालो, रेघा काय, कोणीही ओढतं.

त्याच आठवड्यात त्यांना काढलं.

त्यांच्या जागी साहेबांच्या ओळखीतला एक जण आला. त्याचाही आकडा निम्मा. आणि — इथे लिहिताना हात अडतो — त्याच्यावर मला संशय आलाच नाही. स्क्रिप्टवर आला. नवा स्कॅनर फाइलीच्या नावाअखेरचं 'जेपीजी' मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचा. माझी स्क्रिप्ट फक्त लहान अक्षरांतलं मोजायची. वनिताताईंचा जुना फोल्डर पुन्हा मोजला. एकही पान कमी नव्हतं.

स्क्रिप्ट दुरुस्त केली. कोणाला काय सांगितलं? काहीच नाही.

गेल्या वर्षी नेरच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. राग नाही, काही नाही. घरच्यांची चौकशी केली. मग हळूच विचारलं, "दादा, त्या फाइली कुठं जात होत्या, समजलं काय जी?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग माह्याच हातानं पुसल्या जात असतीन," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "असेल."