मंगळसूत्रातला क्रूस

आम्ही मूळचे नगरकडचे कॅथलिक. महाळुंग्याच्या कारखान्यांमागे एका जुन्या आश्रमात मे महिन्यात श्रद्धा आणि संस्कृतीवर शिबिर होतं. दिवसभर व्याख्यानं आणि संध्याकाळी जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना. कंपनीत रजा टाकून मी आईला घेऊन गेलो.

वक्ता वाकडला आयटीत नोकरी करणारा, माझ्याच वयाचा. युरोपातल्या लोकांचे ख्रिस्ती होण्याआधीचे जुने सण, झाडं, दिवे चर्चने कसे आपलेसे केले, हे त्याने सकाळी फार सुंदर सांगितलं. आई मान डोलावत होती.

दुपारी तो आपल्याकडच्या चालीरीतींवर आला. बोलता बोलता आईपाशी थांबला आणि माईकवरच म्हणाला, "मावशी, हे गळ्यात काय? ख्रिस्ती बाईला शोभतं का हे?"

आईने मंगळसूत्रातला क्रूस वर धरून दाखवला. "लग्नात फादरांनीच आशीर्वाद देऊन दिलंय."

"तेच तर चुकलं," तो म्हणाला. लोक हसले. हसणाऱ्यांतल्या दोघीतिघींनी हळूच पदर गळ्याशी ओढून घेतला.

मला शिसारी आली. सकाळी गोड वाटलेला त्याचा आवाज आता अंगावर पाल पडावी तसा वाटत होता. मी आईचा हात धरला. "ऊठ, घरी जाऊ."

"तू जा," आई म्हणाली. "मी मिस्साला आले, त्याच्या भाषणाला न्हाई."

मीही थांबलो. संध्याकाळी मिस्सात मंगळसूत्र पदराबाहेर काढून ती ख्रिस्तप्रसाद घ्यायला गेली. वक्ता तिच्यामागेच हात जोडून, डोळे मिटून उभा होता. त्याच्या जिभेवर प्रसाद ठेवलेला मी पाहिला आणि स्वतः प्रसाद घ्यायला जागचा उठलोच नाही.