नातू म्हणतो

पुस्तक काउंटरवर ठेवायचं, मागे कोणी उभं नाही ना हे मान वळवून बघायचं, मग तोंडाशी हाताचा आडोसा करून कुजबुजायचं, "नातू म्हणतो..."

एवढ्या बंदोबस्तानंतर जो आवाज निघायचा, तो बाहेर भाजी घेणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचा. या आजोबांचं सगळं आयुष्य कापडगिरणीत, साच्यांच्या म्हणजे मागांच्या खडखडाटात गेलेलं. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. त्यामुळे त्यांची कुजबुज तुमच्याआमच्या भांडणाएवढी. आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती, ती बरोबर त्यांच्या डोक्यावर यायची.

गोष्ट बोरीवलीची, ऐंशीच्या दशकातली. दिवसा मी बँकेत असायचो आणि संध्याकाळी सोसायटीतल्या या दोन खोल्यांच्या वाचनालयात फुकट काउंटर सांभाळायचो. मला पुस्तकांतलं फार कळतं असा गैरसमज पसरला होता, आणि तो मीच पसरवला होता. पहिल्याच आठवड्यात मी मंगळावरची एक कादंबरी ज्योतिषाच्या कपाटात लावली. मुलीचं लग्न जुळत नसलेले एक गृहस्थ ती घरी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी मला विचारू लागले, "यात शांतीचा विधी कुठल्या पानावर आहे?"

तेव्हा कार्यवाह बाईंनी सूत्रं हातात घेतली. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फर्मान काढलं: यान, उडती तबकडी, यंत्रमानव, जे जे असेल ते सगळं बालविभागात. आणि बालविभागाचा नियम कडक. पुस्तक मिळेल ते चौदा वर्षांखालच्या सभासदालाच. मोठ्यांनी मुलांची पुस्तकं अडवायची नाहीत.

म्हणून या आजोबांनी नातवाला सभासद केलं होतं. वय वर्षं बारा. पोरगं अभ्यासात असतं, म्हणून पुस्तक बदलायला आजोबा. तुमच्याही वाचनालयात असे आजोबा येत असतील. पण त्यांच्या नातवांची मतं अशी असतात का, ते जरा आठवून पाहा.

"नातू म्हणतो, तीनशे वर्षांनंतरचं जग आहे, माणसं जेवणाऐवजी गोळ्या खातात. बरं, खाऊ देत. पण पाहुणा आला तर त्याला 'अजून एक गोळी घ्याच' असा आग्रह करतात की नाही? ते लिहिलंच नाही."

"नातू म्हणतो, शास्त्रज्ञ दरवेळी पुण्याचाच का? आणि तबकडी उतरते ती अमेरिकेत. आपल्याकडे नॅशनल पार्कात एवढी जागा मोकळी पडलीय!"

कुमारांच्या साहसकथांवर तर नातवाचा विशेष राग. "चार पोरं गुहेत स्मगलर पकडायला जातात. तीन दिवस घरी नाहीत. आणि शेवटच्या पानावर आई लाडू घेऊन उभी! आधी पाठीत धपाटा नको? धपाटा आधी, लाडू मग."

फक्त एकदा, मालकाचं घर सोडून जाणाऱ्या एका यंत्रमानवाची गोष्ट परत करताना, ते अडखळले. "नातू म्हणतो, तो निघतो तिथे जरा..."

"जरा काय?"

"काय नाय रे. सर्दी झालीय त्याला."

मी हे सगळं मन लावून ऐकायचो, कारण मी स्वतः ती पुस्तकं वाचलेली नसायची. नातवाची मतं मी इतर सभासदांना आपली म्हणून सांगायचो. लोक मला विज्ञान कादंबरीतला जाणकार समजू लागले.

अशा नातवाचं कौतुक व्हायलाच हवं, असं मला वाटलं. माझ्या हातून घडलेल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात अशीच चांगल्या विचाराने झालेली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचं, असा कार्यक्रम मी ठरवला आणि बाहेरच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं: प्रमुख वक्ता, आमचा सर्वांत चोखंदळ बालवाचक. खाली नातवाचं नाव.

आजोबा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग आत आले.

"कोणाला विचारून लिहिलंस?"

"सरप्राइज!" मी म्हटलं.

"वाट लावलीस रे, बँकवाल्या."

हा मला विनय वाटला.

कार्यक्रमाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच आले. "त्याला ताप आलाय. पण तो काय म्हणतो ते मला पाठ आहे."

"अरेरे! कार्यक्रम संपला की मी घरी येतो त्याला बघायला," मी म्हटलं. "थर्मामीटर आहे माझ्याकडे."

"तुम्ही आधी सतरंजी सरळ करा," बाई म्हणाल्या.

आजोबा मुलांपुढे उभे राहिले. "एक पोरगा आहे, बारा वर्षांचा. तो लांबच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानात बसतो. यान एवढं पळतं की त्याचं वयच वाढत नाही. इकडे धाकटा भाऊ म्हातारा झाला, तिकडे हा आपला बाराचाच. हे झकास आहे. पण यान सुटतं तेव्हा हा पोरगा पुढे बघतो, ताऱ्यांकडे. ते खोटं आहे." आवाज आपोआप खाली आला. "पोरगं मागेच बघतं. धक्क्यावर आई उभी असते. ती दिसेनाशी झाली तरी धक्का दिसतो. धक्का गेला तरी माडांचे शेंडे दिसतात. ते जाईपर्यंत बघतं ते. दप्तर आईच्या हातात राहिलेलं असतं, मुंबईत त्याचा काय उपयोग म्हणून."

पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, यान की बोट?"

ते थांबले. "यान," म्हणाले. "नातू म्हणतो."

शाळा अर्धी सोडून ते मालवणहून मामाकडे आले आणि गिरणीत लागले, हे मला माहीत होतं. पण दोन गोष्टी एकमेकींना जोडणं हे माझं खातं नव्हे. मी टाळ्या वाजवल्या आणि नातवासाठी बिस्किटाचा पुडा त्यांच्या हातात दिला.

त्यानंतरच्या दिवाळीत एका संध्याकाळी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत घुसले. त्या दिवशी हाताचा आडोसा नव्हता, की मागे बघणं नव्हतं.

"बाईनू, मी आजो झालंय, आजो! बडोद्याच्या लेकीक मुलगो झालो! लग्नाक नऊ वर्षां झाली, आता पहिलोच नातू!"

वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मग आजोबांना आपलं आपल्यालाच उमगलं. उघडा बॉक्स हातात तसाच राहिला आणि नजर बालविभागाच्या कपाटाकडे गेली. ते कपाट आता बंद होणार होतं.

"अभिनंदन!" मी म्हटलं. "पण हा पहिला, तर मग तो ताप आलेला..."

काउंटरखाली बाईंची चप्पल माझ्या पायावर आली, आणि तिथेच राहिली.

"दुसरा नातू ना? वा!" बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. त्यांनी एक पेढा घेतला, दुसरा उचलून आजोबांच्याच हातावर ठेवला. "हा थोरल्याला द्या. धाकटं आलं की थोरली हिरमुसतात. आणि त्याचं पुस्तक न्यायचं राहिलंय, ते घेऊन जा."

"सांगतो त्याला, बाईनू," ते म्हणाले. त्यांची खरीखुरी कुजबुज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

ते गेल्यावर मी पाय चोळत विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. माझी बहीण त्यांच्याच जिन्यात राहते. घरात नवरा-बायको दोघंच."

"आणि नियम?"

"दर जूनला मुलांची वयं मीच लिहिते," बाई म्हणाल्या. "बारा."

वर्षभराने लेकीने आईवडिलांना बडोद्याला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी ते शेवटचं पुस्तक परत करायला आले. तीच ती लांबच्या ताऱ्याची कादंबरी, पुन्हा नेलेली. काउंटरवर ठेवली. मागे वळून पाहिलं नाही.

"हे मला आवडलं," ते म्हणाले.

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "आणि नातू काय म्हणतो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय मागे घेतला. पण ते हसले. "तो मेलो काय म्हणतलो! अजून मूठ चोखता."

ते पायऱ्या उतरले. बाई कधी कोणाला पोचवायला दाराशी येत नसत, त्या दिवशी आल्या. तेव्हा मात्र मला कोणी सांगावं लागलं नाही. आम्ही दोघं कशाची वाट बघत होतो ते मला कळत होतं. भाजीवाली गेली, पिठाची गिरणी गेली, कोपरा आला.

कोपऱ्यावर ते थांबले आणि वळून बघत राहिले.