रडायचं काम सरांचं

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट फाइलला लागतं, किस्से कुठं लावायचे? उपकेंद्रात नर्स होऊन सहा वर्षं झाली. शिकवलेलं विसरते, पण कोण काय म्हणालं ते डोक्यातून जात नाही. त्यातले निम्मे किस्से एकाच ट्रेनिंगचे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा! वेळ आली तर माझ्या हातांना ते जमेल का, हा माझा जुना धसका.

*

आधी मोबाइलवर कोर्स. आमच्या गावच्या आशा सेविका सुमनताई रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायच्या. व्हिडिओत बाळ निळं पडतं, नर्स पिशवीनं हवा देते, बाळ गुलाबी होतं. ताईंचा व्हिडिओ मधेच अडकला.

"म्याडम, तीन दिस झालं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाळ निळंच हाय!"

*

मग तालुक्याला प्रत्यक्ष ट्रेनिंग. रबरी बाहुली एक, बायका चाळीस. तोंडावर मास्क धरायचा, पिशवी दाबायची आणि मोजायचं. दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन. जमलं की बाळ रडणार. पण बाहुली कुठली रडतेय? म्हणून सर रडायचे! रिटायरमेंटला आलेले, चष्मेवाले सर, अगदी मन लावून, "ट्यँहा! ट्यँहा!"

"सर लई गोड रडत्यात," सुमनताई कुजबुजल्या.

माझा नंबर शेवटचा. जेवणाची वेळ टळलेली. मी पिशवी नीट धरायच्या आतच सर रडले. पास!

*

शेवटी अभिप्रायाचे कागद, बिननावी. सर एकेक मोठ्यानं वाचत होते. "छान." "उत्तम." "जेवण चांगलं होतं. भीती गेली नाही."

"हे कुणी लिहिलं?" सरांनी विचारलं.

चाळीसच्या चाळीस जणी खाली बघायला लागल्या.

*

त्याच आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या स्वराच्या घशात शेंगदाणा अडकला. माझं सर्टिफिकेट टेबलावर, आणि मी काय केलं? "आईऽऽ" म्हणून सासूबाईंना हाक मारली! त्यांनी पोरीला मांडीवर पालथं घातलं, पाठीत चार थापा दिल्या. दाणा बाहेर.

पोरीला माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "काय शिकवत्यात गं तुमाला तिकडं?"

*

तेव्हापासून मी घरीच प्रॅक्टिस सुरू केली. स्वराची बाहुली आणि शाम्पूची रिकामी बाटली. दाबा, दोन, तीन. रडायचं काम स्वराकडे. ती मात्र सरांसारखी नाही, कडक! बाटलीचं तोंड सरकलं तर रडायची नाही. "आई, परत कर," म्हणायची.

*

मागच्या गळीत हंगामात पारगावकडच्या एका फडातून सुमनताईंचा फोन आला. ऊसतोडीची बाई, पहिलटकरीण, पाचटाच्या कोपीतच मोकळी झालेली. मी पोचले तेव्हा बाळ हातात घेऊन ताई उभ्या. निळं. गप्प.

पुसलं, पाठ चोळली, मास्क लावला. दाबा, दोन, तीन. हातांना जमत होतं. छाती बरोबर वर येत होती. ॲम्ब्युलन्स आली, तिच्यातही दाबत राहिले. बाळाची आई स्ट्रेचरवरून सारखी विचारत होती, "रडलं का वं बाई?"

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवून पिशवी थांबवली.

"सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही."

परतताना सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "म्याडम, आज सर न्हवतं ना."

*

घरी आले तर स्वरा बाहुली आणि बाटली घेऊन दारातच बसलेली. पर्सही न काढता मी तिच्यापुढे बसले. दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन.

"ट्यँहा!" स्वरा रडली.

दाबा, दोन, तीन.

"ट्यँहा! ट्यँहा!"

दाबा, दोन, तीन.

स्वरानं माझं मनगट धरलं. "आई, रडलं ना बाळ! आता सोड की त्याला!"